82 टक्के मागणी, 8 टक्के फोटो: साठवणुकीचा हिशोब

फेसबुकने 2013 मध्ये आपल्या फोटोंबद्दल एक आकडा जाहीर केला. एकूण मागणीपैकी 82 टक्के मागणी 8 टक्के फोटोंना होती. उरलेल्या 92 टक्के फोटोंच्या वाट्याला 18 टक्के मागणी येई. भागाकार केला तर पहिल्या गटातला एक फोटो दुसऱ्या गटातल्या फोटोपेक्षा सरासरी 52 पट जास्त वेळा उघडला जाई. दोन्ही एकाच यंत्रणेत ठेवले, तर दोघांच्या साठवणुकीचा खर्च मात्र सारखाच येतो.

हा खर्च किती मोठ्या संख्येला गुणायचा, ते आधी पाहू. 2010 मध्ये कंपनीकडे 6,500 कोटी फोटो होते. प्रत्येक फोटो चार आकारांत ठेवला जाई, म्हणून प्रतिमांची संख्या 26,000 कोटी आणि जागा 20 पेटाबाइट, म्हणजे 20,000 टेराबाइट. दर आठवड्याला 100 कोटी नवे फोटो, म्हणजे 60 टेराबाइटची भर पडत होती. फेब्रुवारी 2014 मध्ये फोटोंची संख्या 40,000 कोटींवर गेली. 26,000 कोटींशी तुलना केली तर ही वाढ 54 टक्के दिसते, पण ती तुलना चुकीची आहे. 26,000 कोटी या प्रतिमा आहेत, 40,000 कोटी हे फोटो. फोटोंशी फोटो ताडले तर चार वर्षांत संख्या सहा पट झाली.

2010 मधल्या यंत्रणेचे नाव हेस्टॅक. तिचे उद्दिष्ट वेग हे होते. आधीच्या पद्धतीत एक फोटो वाचायला डिस्कवर 10 पेक्षा जास्त क्रिया लागत. हेस्टॅकने ती संख्या 1 वर आणली. त्यासाठी फोटोचा पत्ता मुख्य मेमरीत ठेवला आणि तो सरासरी 10 बाइटमध्ये बसवला. सुरक्षिततेसाठी प्रत्येक फोटोच्या 3 प्रती ठेवल्या. प्रत्येक प्रतीत 10 डिस्कमागे 2 जादा डिस्क, म्हणजे 1.2 पट जागा. 3 गुणिले 1.2 बरोबर 3.6. 1 पेटाबाइट फोटोंसाठी 3.6 पेटाबाइट डिस्क विकत घ्यावी लागे, मग तो फोटो आजचा असो वा पाच वर्षांपूर्वीचा.

वयाने मागणीत किती फरक पडतो, हे 2014 मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दिसते. बहुतेक प्रकारच्या फाइलींत एका दिवसाहून कमी वयाच्या फाइलला वर्षभर जुन्या फाइलपेक्षा 100 पटींहून जास्त मागणी होती. त्यावरून वर्गवारी ठरली. फोटो 3 महिन्यांनी आणि इतर बहुतेक फाइली 1 महिन्याने ‘हॉट’ वर्गातून ‘वॉर्म’ वर्गात, म्हणजे गरममधून कोमटमध्ये जात. वॉर्म वर्गासाठी एफ4 ही वेगळी यंत्रणा उभारली गेली.

एफ4 मध्ये डेटाचे 10 तुकडे करून त्यांना गणिताने काढलेले 4 जादा तुकडे जोडत. 14 पैकी कोणतेही 4 नष्ट झाले तरी मूळ डेटा परत मिळतो. 14 भागिले 10 बरोबर 1.4. अख्खे डेटा सेंटर बंद पडण्याची तयारी म्हणून दुसऱ्या ठिकाणी आणखी एक संच ठेवला की 2.8. दुसरा पूर्ण संच ठेवण्याऐवजी दोन ठिकाणच्या वेगवेगळ्या तुकड्यांची एकत्र बेरीज तिसऱ्या ठिकाणी ठेवली, तर 1.4 गुणिले 1.5 बरोबर 2.1. 3.6 वरून 2.1 म्हणजे 42 टक्के कमी डिस्क.

प्रत्यक्ष बचतीचा आकडा जाहीर आहे: 65 पेटाबाइट डेटा, 53 पेटाबाइट बचत. सर्व 65 पेटाबाइट 2.8 च्या दराने ठेवले तर बचत 52 पेटाबाइट निघते, 2.1 च्या दराने 97.5. जाहीर आकडा पहिल्याच्या शेजारी आहे. दुसऱ्या टप्प्यातली बरीचशी बचत तेव्हा बाकी होती.

प्रती कमी केल्यावर वाचनाचा भार पेलला कसा? 4 टेराबाइटची एक डिस्क सेकंदाला जास्तीत जास्त 80 विखुरलेली वाचने करते, म्हणजे दर टेराबाइटला 20. फाइलींची मागणी या 20 च्या खाली उतरली की त्या एफ4 मध्ये हलवता येत. वर्गवारीची सीमा इथून आली. डिस्कची क्षमता वाढली, पण फिरणाऱ्या तबकडीचा वेग जवळपास तिथेच राहिला. 20 टेराबाइटच्या डिस्कने सेकंदाला तीच 80 वाचने केली, तर दर टेराबाइटला 4 उरतात. डिस्क जितकी मोठी, तितकी ती थंड डेटाच्याच कामाची.

दोन गोष्टी या चौकटीत बसत नव्हत्या. पहिली, प्रोफाइल फोटो. तो जुना झाला तरी नावाशेजारी रोज दिसतो, त्यामुळे त्याची मागणी पुरेशी उतरत नसे आणि तो एफ4 मध्ये जात नसे. दुसरी, पुसलेले फोटो. एफ4 मधला डेटा लिहून झाल्यावर बदलत नसे. म्हणून प्रत्येक फाइल कुलूपबंद ठेवत आणि किल्ली दुसरीकडे. वापरकर्त्याने फोटो पुसला की किल्ली नष्ट होई. फाइल डिस्कवर राही, पण ती उघडता येत नसे.

‘वॉर्म’खालचा वर्ग ‘कोल्ड’, म्हणजे थंड. इथे फोटो-व्हिडिओंच्या राखीव प्रती असत. एका ट्रेमध्ये 15 डिस्क, त्यांतली एका वेळी 1 चालू असे. या वर्गाच्या दालनांना नेहमीच्या डेटा सेंटरच्या एक षष्ठांशाहून कमी वीज पुरवलेली होती.

हेच गणित लहान ग्राहकालाही लागू पडते. अमेझॉनच्या एस3 या साठवणूक सेवेचा नॉर्थ व्हर्जिनिया केंद्रातला प्रसिद्ध दर 1,000 गिगाबाइटला महिना 23 डॉलर आहे. क्वचित लागणाऱ्या डेटाच्या वर्गात तो 12.5 डॉलर, सर्वांत खालच्या डीप अर्काइव्ह वर्गात 0.99 डॉलर. म्हणजे वरच्या आणि खालच्या दरात 23 पटींचा फरक. पण मधल्या वर्गातून तेवढाच डेटा एकदा वाचायला 10 डॉलर पडतात आणि महिन्याची बचत 10.5 डॉलर आहे. महिन्यातून दोनदा पूर्ण वाचन झाले तर स्वस्त वर्ग 9.5 डॉलरने महाग ठरतो. डीप अर्काइव्हमधून फाइल मिळायला नेहमीच्या पद्धतीने 12 तास आणि स्वस्त पद्धतीने 48 तासांपर्यंत लागतात. 180 दिवसांच्या आत ती पुसली तरी 180 दिवसांचे पैसे भरावे लागतात.

म्हणून साठवणुकीचा वर्ग निवडताना दर गिगाबाइटचा भाव हा दुसरा आकडा. पहिला आकडा आहे ती फाइल महिन्यातून किती वेळा उघडते हा.