स्कूटरला कोणते पेट्रोल पाजावे?

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाड्यापासून विलग होऊन त्यांचा नवा जिल्हा झाला, आणि आम्हां शाळामास्तरांच्या स्कूटरींची धावाधाव वाढली. कधी जिल्हा कचेरी, तर कधी सावनेरमार्गे नागपूर. अशा धावपळीत पंपावर टाकीचे झाकण उघडता उघडता प्रश्न कानी पडतो, "सर, साधं टाकू की पॉवर?" मागे रांग उभी असते, विचाराला उसंत नसते, आणि ‘पॉवर’ या शब्दाची मोहिनी अशी की भला हिशेबी गृहस्थही मान डोलावतो. डाळीच्या भावावरून वाण्याशी घासाघीस करणारे आमचे एक स्नेही स्कूटरला मात्र महिनोन्‌महिने महागडे पेट्रोल पाजत असत. त्याने गाडीला ताकद येते, अशी त्यांची श्रद्धा. ती कितपत साधार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

ऑक्टेन हा आकडा पेट्रोलमधील शक्तीचा नव्हे, तर त्याच्या सोशिकतेचा आहे. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाळा एका बाजूने क्रमाक्रमाने पसरत जाते. परंतु दाब आणि उष्णता सोसण्यापलीकडे गेली, तर ज्वाळा पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. हे दीर्घकाळ चालले तर पिस्टनला इजा होते. हा दाब सोसण्याची पेट्रोलची कुवत मोजण्यासाठी १९२० च्या दशकात अमेरिकेत एक माप ठरले: आयसोऑक्टेन या द्रव्याला १०० गुण आणि हेप्टेनला शून्य. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे या दोहोंच्या ९१ आणि ९ भागांच्या मिश्रणाइतके सोशिक पेट्रोल. त्यातून उष्णता अधिक मिळते, असे या आकड्यात कोठेही म्हटलेले नाही.

म्हणून प्रश्न उरतो तो इतकाच, की आपल्या इंजिनात मिश्रण दाबले जाते किती? बजाज आणि लॅम्ब्रेटा यांच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरींत हा दाब बेताचा असे. त्यांना कमी ऑक्टेन पुरे. (त्या काळी कित्येक महाभाग पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून गाडी धुरात ओढत नेत. रॉकेलचे ऑक्टेन फारच कमी, हे त्यांना इंजिनच पुढे सांगे!) त्या दिवसांत ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे घालीत. ही युक्ती १९२१ साली सापडली आणि त्या विषारी धुरातून आपल्या देशाची सुटका झाली ती २००० साली. आजच्या ११० ते १२५ सी.सी.च्या स्कूटरीत मिश्रण साधारण नऊ-दहा पटीने दाबले जाते, आणि एवढ्याला ९१ ऑक्टेन पुरते. मोटारगाड्यांत नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ बदलणारी यंत्रणा असते. सामान्य स्कूटरीत ती नसते. तेव्हा जास्तीच्या ऑक्टेनचा लाभ घ्यायला त्या बिचारीजवळ साधनच नाही. मोठ्या शहरांतील निवडक पंपांवर १०० ऑक्टेनचे पेट्रोल साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाने मिळते. महिन्याला वीस लिटर लागत असतील, तर हजाराच्या आसपास रुपये अक्षरशः धुराबरोबर जातात.

त्यातही एक गंमत आहे. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८ च्या वर. शासनाने २०२५ साली दिलेल्या माहितीप्रमाणे या मिश्रणाने साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत पोचले आहे. म्हणजे ज्या ‘पंच्याण्णवा’साठी आपण लिटरमागे काही रुपये जादा मोजतो, ते साध्या नळीतूनही जवळपास मिळतेच. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश उष्णता कमी. त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या बांधणीच्या दुचाकींसाठी ही घट तीन ते चार टक्के धरलेली आहे. ती महाग पेट्रोलने भरून निघेल, ही आशा व्यर्थ होय.

मग सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात, वैशाखाच्या उन्हात, मागे सौ. आणि पुढे संत्र्यांची पिशवी असताना खुळखुळ ऐकू आली, तर? प्रथम वेग आवरावा, इंजिन थंड होऊ द्यावे. पुढच्या खेपेस पेट्रोल खात्रीच्या दुसऱ्या पंपावरून भरून पाहावे, कारण भेसळीने ऑक्टेन घसरते. तरीही आवाज राहिला, तर मिस्त्रीकडून नळकांड्यात साचलेली काजळी, प्लगचा नंबर आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण तपासून घ्यावे. बहुधा दोष तेथेच सापडतो. स्कूटरीसोबत आलेल्या पुस्तिकेत ऑक्टेनचा आकडा छापलेला असतो. तो ९१ असेल तर पंपावर निःशंकपणे "साधंच" म्हणावे.

ज्यांच्या ओसरीत अद्याप वडिलांची चेतक उभी आहे, त्यांनी ऑक्टेनची चिंता सोडून रबरी नळ्यांकडे पाहावे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग इथेनॉल सोसतील असे केलेले आहेत, तिचे नव्हेत. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल, तर कार्बोरेटर रिता करून ठेवावा आणि पोळ्यानंतर पहिली किक मारण्यापूर्वी ताजे पेट्रोल भरावे. त्यात लिटरमागे वीस मिलिलिटर टू-टी तेल घालण्यास मात्र विसरू नये.