लहान कुत्र्याचा अंगरखा

हिंवाळा आला म्हणजे बाजारांत लहान कुत्र्यांसाठीं तयार अंगरखे विकावयास येतात, आणि पुष्कळ घरीं मुलें धाकट्या भावंडाचा जुना स्वेटर आपल्या आवडत्या कुत्र्यास घालूं पाहतात. प्रेमाच्या ह्या खटपटीस आम्ही हंसणार नाहीं. परंतु असा अंगरखा बहुधा मागें लांब, पोटाखालीं सैल आणि चालतांना पायांत येणारा असतो. तो आखूड करून त्याचा कांठ नीट दुमडणें हें काम घरच्या घरीं सुईदोऱ्यानें होण्यासारखें आहे. तें कसें करावें, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम अंगरख्याची गरज आहे काय, हें पाहावें. दाट केंसांच्या पॉमेरेनियन कुत्र्यास ईश्वरानेंच कोट दिलेला आहे. केंसांत अडकून राहिलेली हवा त्याची ऊब राखते. उलटपक्षीं आखूड केंसांचा लहान कुत्रा, म्हातारा झालेला अगर दुखण्यांतून उठलेला कुत्रा, ह्यांस थंडी लवकर बाधते. लहान देहास ती अधिक कां बाधते, हें गणितानें कळतें. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचें घनफळ १ व पृष्ठफळ ६. बाजू २ सेंटिमीटर केली कीं घनफळ ८ व पृष्ठफळ २४ होतें, म्हणजे घनफळाच्या प्रत्येक एककामागें पृष्ठफळ ३ च राहतें. देह जितका लहान, तितकी ऊब बाहेर जाण्यास वाट अधिक. मात्र कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं; तो मुख्यतः धापा टाकून अंगांतील उष्णता घालवितो. म्हणून उन्हांत अगर उबदार खोलींत अंगरखा काढून ठेवावा.

आतां मापाविषयीं. कापड प्रथम धुऊन व वाळवून घ्यावें, कारण सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें आणि मग केलेलें माप व्यर्थ जातें. कुत्रा उभा असतांना गळपट्टा असतो तेथपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी मोजावी. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागें घ्यावा, आणि दोन बोटें सहज आंत जातील इतकी ढील ठेवावी. पाठीवरचा कांठ शेपटीच्या मुळाअलीकडे २ ते ३ सेंटिमीटर संपावा. पोटाखालचा भाग ह्याहून पुष्कळ आखूड हवा. नराच्या बाबतींत तर विशेषच, नाहीं तर लघवीनें तो भिजतो आणि ओलें कापड ऊब देण्याऐवजीं थंडीच देतें.

अंगरखा कुत्र्याच्या अंगावर घालून खडूनें खूण करावी. टांचणी मात्र अंगावर असतांना कधींहि लावूं नये. मग तो काढून, पाठीच्या मध्यावर दुमडून मेजावर पसरावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. खुणेच्या खालीं २ सेंटिमीटर कापड राखून उरलेलें कापावें. साधें विणीचें कापड, उदाहरणार्थ फलालीन, असल्यास दोरे सुटूं नयेत म्हणून पहिली दुमड अर्ध्या सेंटिमीटरची व दुसरी दीड सेंटिमीटरची घालावी. पोटाजवळ कांठ वळतो तेथें रुंद दुमड चुणते. तेथें उरेब कापलेली पातळ पट्टी लावावी, ती वळणाबरोबर वळते. स्वेटरसारखें ताणणारें कापड असेल, तर शिवणयंत्रावर नागमोडी टीप घालावी. सरळ टिपेचा दोरा कापड ताणतांच तुटतो. हातानें विणलेला लोंकरी स्वेटर मात्र कापण्यापूर्वीं खुणेच्या खालीं अशी टीप घालून घ्यावी, नाहीं तर वीण उसवत जाते.

हातानें तुरपतांना सुई तिरपी धरून बाहेरच्या कापडाचे एकदोन धागेच उचलावेत, आणि टांक्यांत अर्ध्या सेंटिमीटरचें अंतर ठेवावें. दोऱ्याची गांठ दुमडीच्या पोटांत लपवावी. आमच्या मतें साऱ्या कामाचें मर्म येथेंच आहे. आपलें वस्त्र लोक बाहेरून पाहतात. कुत्र्यास त्याची आंतली बाजूच तेवढी ठाऊक असते. बाहेरून सुबक दिसणारी शिवण आंत गांठीची व खरखरीत असेल, तर पुढच्या पायांच्या कांखेंत ती दर पावलास घांसते, आणि तेथील कातडें लाल होतें. म्हणून काम संपल्यावर वस्त्र उलटें करून आंतल्या शिवणीवरून बोट फिरवून पाहावें. जें आपल्या बोटास टोंचेल तें त्याच्या अंगास टोंचल्यावांचून राहणार नाहीं.

शिवावयास बसण्यापूर्वीं सुया मोजाव्यात व उठतांना पुन्हां मोजाव्यात. कुत्र्यानें अगर मांजरानें दोरा गिळल्यास आंतडें चुणीसारखें गोळा होऊन फाटण्याचें भय असतें. अशा वेळीं दोरा ओढून न काढतां जनावरांच्या डॉक्टरांकडे तात्काळ न्यावें. ह्याच कारणास्तव घुंड्या, टिकल्या व लोंबत्या नाड्या लावूं नयेत.

पहिल्या दिवशीं अंगरखा दहा मिनिटेंच घालावा आणि जवळ बसून पाहावें. कुत्रा नेहमींप्रमाणें चालतो, बसतो, अंग झाडतो, तर माप जमलें. तो खांबासारखा ताठ उभा राहिला, शेपूट खालीं घातली, किंवा सारखा अंग खाजवूं लागला, तर अंगरखा काढून शिवण पुन्हां तपासावी. इतकें करूनहि त्यास तो नकोसा असेल, तर त्यास जुन्या चादरीचें अंथरूण द्यावें व आपली हौस आवरावी. तसेंच अंगरखा घालून त्यास एकटें सोडूं नये.

विद्यार्थिमित्रहो, शिंप्याकडे जाणारें गिऱ्हाईक जेथें टोंचतें तेथें बोट दाखवितें. हें गिऱ्हाईक मुकें आहे. त्याचें गाऱ्हाणें आपणच त्याच्या चालीवरून व डोळ्यांवरून ओळखावयाचें असतें. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत नीतिमान मनुष्याविषयीं सांगतांना त्याच्या पशूचाहि विचार केला आहे, तो उगीच नव्हे. ज्याचें कौतुक कोणी करणार नाहीं अशी आंतली शिवण जो मुलगा वा जी मुलगी मन लावून घालील, त्यांच्या हातून पुढें माणसांचींहि कामें नीट होतील, असा आम्हांस भरंवसा आहे.