दोऱ्यासाठी साडेसातशे तास

भुवया कोरायला लागतो तो साधा सुती दोरा. एक टोक दातांत, बाकीचा बोटांत, मध्ये पीळ. पीळ सरकला की केस मुळासकट बाहेर येतो. ना वस्तरा, ना रसायन, ना यंत्र. आपल्याकडच्या पार्लरांत मुली ताईंच्या शेजारी उभ्या राहून, आधी मैत्रिणींच्या भुवयांवर हात बसवून हे काम शिकतात. हेच कसब घेऊन भारत, पाकिस्तान, इराणमधली माणसे अमेरिकेत गेली आणि मॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या टाकून पोटापाण्याला लागली.

टेक्सासमध्ये त्यांच्या दारात परवाना खात्याचे निरीक्षक आले. भुवया कोरणे हे त्वचासौंदर्याचे काम आहे, तेव्हा 750 तासांचा अभ्यासक्रम पुरा करा, परीक्षा द्या, परवाना घ्या, नाहीतर काम थांबवा, असे त्यांचे म्हणणे. त्या अभ्यासक्रमाची फी काही हजार डॉलर. आणि दोऱ्याचे काम तिथे शिकवलेच पाहिजे, असे बंधन शाळांवर नव्हते. म्हणजे वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या बाईने रोजगार सोडून, पैसे भरून, फेशियल आणि वॅक्सिंग शिकायचे, ते कशासाठी, तर स्वतःला येणारे काम करू देण्यासाठी.

दुकानदार आणि कारागीर 2009 साली न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांनी राज्याची बाजू उचलून धरली. 26 जून 2015 रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल फिरवला. 750 पैकी 320 तासांपर्यंतच्या शिक्षणाचा या कामातल्या स्वच्छतेशी वा सुरक्षेशी संबंध नाही आणि एवढे ओझे राज्यघटनेत बसत नाही, असे बहुमताने म्हटले. ‘पटेल विरुद्ध टेक्सास परवाना व नियमन विभाग’ हा खटला आज अमेरिकेत व्यवसाय-परवान्यांवरच्या अनेक वादांत काढला जातो.

परवान्यांची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत न्हाव्यांना राज्याचा परवाना लावण्याची सुरुवात 1897 मध्ये मिनेसोटाने केली. कारण उघड होते. एकच वस्तरा, एकच ब्रश, एकच टॉवेल दिवसभर गिऱ्हाइकांच्या गालांवरून फिरे आणि त्वचेचे रोग एकाचे दुसऱ्याला होत. ही भीती खोटी नव्हती. पण कायद्यामागे जोर लावणाऱ्यांत न्हाव्यांची कामगार संघटनाही होती, आणि धंद्यात नवे हात कमी यावेत हा तिचा हिशेब होता.

या हिशेबात सर्वांत जास्त भरडले गेले ते कृष्णवर्णीय न्हावी. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडच्या शहरांतली नामांकित केशकर्तनालये बहुतेक त्यांचीच. गुलामीत जन्मलेले अलोन्झो हर्न्डन अटलांटाच्या पीचट्री स्ट्रीटवर संगमरवरी थाटाचे सलून चालवत. त्याच कमाईतून त्यांनी पुढे विमा कंपनी उभी केली. 1926 साली त्याच अटलांटाच्या नगर परिषदेने कृष्णवर्णीय न्हाव्यांना गोऱ्या स्त्रियांचे आणि 14 वर्षांखालच्या गोऱ्या मुलांचे केस कापायला बंदी केली. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये ती रद्द ठरवली. उघड बंदी अशी न्यायालयात पडते. परवाना मंडळाची परीक्षा पडत नाही, कारण ती कागदावर सर्वांना सारखीच असते. मंडळावर कोण बसतो आणि परीक्षेत कोणाला नापास करतो, हे कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही.

म्हणून सगळे नियम उडवून लावावेत का? मुळीच नाही. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात 2000 साली एका नेल सलूनमध्ये पेडिक्युअर करून गेलेल्या शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवे उठली. महिनोन्‌महिने ती बरी होईनात, व्रण राहिले. आरोग्य खात्याने पाय बुडवायच्या टबांची तपासणी केली. पाणी फिरवणाऱ्या जाळीमागे केस आणि मृत त्वचेचा थर साचला होता आणि त्यात क्षयाच्या जंतूंच्या कुळातला एक जंतू वाढत होता. पेडिक्युअरच्या आधी पायांवरून रेझर फिरवलेल्या बायकांना धोका अधिक, असेही दिसले. यानंतर कॅलिफोर्नियाने टब रोज कसा धुवायचा, जाळी काढून कशी साफ करायची, याचे नियम केले. हे मला खरे नियमन वाटते. रोग जाळीमागे होता आणि नियम नेमका तिथपर्यंत पोचला.

तासांचे तसे नाही. केस कापणे, रंगवणे, कुरळे करणे या पूर्ण परवान्याला न्यूयॉर्कमध्ये 1000 तास लागतात. कॅलिफोर्नियात 1600 लागत. 2022 पासून तिथेही 1000 झाले. सहाशे तास कमी केल्याने जर गिऱ्हाइकाचे डोके धोक्यात येत नसेल, तर आधीच्या पिढ्यांकडून ते सहाशे तास कोणासाठी घेतले? शाळांमध्ये विद्यार्थिनी खऱ्या गिऱ्हाइकांवर हात साफ करतात. गिऱ्हाईक पैसे देते ते शाळेला, मुलीला नाही. ती वर फी भरते, बहुधा कर्ज काढून. तास वाढले की फायदा कोणाचा, हे वेगळे सांगायला नको.

आफ्रिकी पद्धतीच्या बारीक वेण्या घालणाऱ्या बायकांचीही हीच गत झाली. सिएरा लिओनहून युटामध्ये आलेल्या एका बाईंना वेण्यांसाठी 2000 तासांचे शिक्षण सांगितले गेले. 2012 मध्ये संघराज्य न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पेनसिल्व्हेनियात तर शिक्षा भोगून आलेल्या स्त्रियांना ‘सच्चारित्र्य’ नाही म्हणून सौंदर्यव्यवसायाचा परवाना नाकारला जाई. त्याच राज्यात न्हाव्यांना ही अट नव्हती! 2020 मध्ये तिथल्या न्यायालयाने अट काढून टाकली. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कामावाचून ठेवण्याइतका अविचारी नियम मला दुसरा सुचत नाही.

परवान्याची चांगली बाजू इलिनॉयमध्ये दिसते. 2017 पासून तिथल्या केशकर्मींना घरगुती हिंसाचाराची चिन्हे ओळखायचे एक तासाचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. पोलिसांत कळवण्याची सक्ती नाही. बाईला मदतकेंद्राचा पत्ता कसा द्यायचा ते कळावे, इतकेच. केसांआडचा वळ डॉक्टरच्या आधी केस धुणाऱ्या हातांना सापडतो. हा एक तास शेकडो निरर्थक तासांहून मोलाचा आहे.

आपल्याकडचे चित्र उलट आहे. महाराष्ट्रात सलून किंवा पार्लर चालवायला परीक्षा नाही, कारागिराचा परवाना नाही. जी काय नोंदणी-परवानगी लागते ती दुकानाला. आयटीआयमधले अभ्यासक्रम ज्याला हवे त्याने करावेत. गरीब घरातली मुलगी त्यामुळेच पटकन कमावती होते, आणि ही वाट बंद होऊ नये. उद्या कोणी ‘व्यावसायिक दर्जा’च्या नावाने हजार तासांची सक्ती सुचवली, तर न्हाव्यांच्या आणि ब्युटिशियनांच्या संघटनांनी तिला ठाम विरोध करावा. पण वस्तऱ्याचे ब्लेड, मेणाचे भांडे, पायाचा टब यांच्या तपासणीची मागणी त्यांनी स्वतःहून पुढे करावी. आणि आपण गिऱ्हाइकांनी पुढच्या वेळी खुर्चीत बसताना ब्लेड नवे आहे ना, टब धुतला आहे ना, एवढे न संकोचता विचारावे.