संवेदकातील डेटाबेस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तापमान, आर्द्रता किंवा प्रकाश मोजून ती नोंद रेडिओलहरींद्वारे कळवणारा बिनतारी संवेदक बहुधा छोट्या बॅटरीवर महिनोन् महिने चालवावा लागतो. त्यामुळे त्यातील डेटा कोठे साठवावा आणि त्याला प्रश्न कसा विचारावा, हे प्रामुख्याने ऊर्जेच्या हिशेबावर ठरते.

गैरसमज १ : इतक्या लहान उपकरणात डेटाबेस मावत नाही.

वस्तुस्थिती : टीमोट स्काय या संशोधनात रूढ झालेल्या संवेदकात १० किलोबाइट कार्यकारी स्मृती आणि १ मेगाबाइट बाह्य फ्लॅश स्मृती, म्हणजे वीज गेल्यावरही नोंदी टिकवणारी साठवण, असते. निकोलस सिफ्टेस आणि अ‍ॅडम डंकल्स यांनी २०११ मध्ये मांडलेला अँटेलोप हा डेटाबेस अशाच उपकरणांवर चालतो आणि नोंदी साठवण्यापासून निवडून देण्यापर्यंतची कामे संवेदकातच उरकतो.

गैरसमज २ : प्रत्येक मोजमाप लगेच केंद्राकडे पाठवणे सोयीचे, कारण ऐकत राहायला रेडिओला फारशी वीज लागत नाही.

वस्तुस्थिती : याच उपकरणातील रेडिओ पूर्ण क्षमतेने प्रक्षेपण करताना सुमारे १७ मिलिअँपिअर, तर नुसता ऐकत असताना सुमारे १९ मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणून तो बहुतेक वेळ बंद ठेवावा लागतो. बर्कलीच्या संशोधकांनी विकसित केलेल्या टायनीडीबी या प्रणालीत प्रश्न संपूर्ण जाळ्यात पसरतो आणि सरासरी हवी असल्यास प्रत्येक संवेदक आपल्या स्वतःच्या व आपल्यामागील संवेदकांच्या मोजमापांची बेरीज व संख्या एवढेच पुढे धाडतो. मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या मोजमापांतील मधले मूल्य, मात्र अशा दोन आकड्यांवरून काढता येत नाही. त्यामुळे बचत किती होईल, हे प्रश्नाच्या स्वरूपावरही अवलंबून असते.

गैरसमज ३ : फ्लॅशवरील जुनी नोंद हवी तेव्हा जागच्या जागी बदलता येते.

वस्तुस्थिती : टीमोट स्कायमधील फ्लॅशमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर संपूर्ण विभाग पुसावा लागतो, आणि असे पुसणे ऊर्जा खाते व फ्लॅशचे आयुष्यही कमी करते. म्हणून नवी नोंद जुनीच्या पुढे लिहीत जाण्याची, रोजकीर्दीसारखी पद्धत अशा साठवणीला मानवते.

तपशील संवेदकातच जपून केवळ सारांश पाठवला, तर बॅटरी वाचते, आणि एखादे मूल्य संशयास्पद वाटल्यास अभ्यासकाला नेमक्या त्याच संवेदकाकडून, नेमक्या त्याच वेळेच्या मूळ नोंदी मागवता येतात.