जंतूंना जात नसते, मग आजार आमच्याच वस्तीत का?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि शतकानुशतकांची बंदी मोडली. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी काय केले, तेही आपल्याला पाठ आहे. त्यांनी तळ्यात शेण-गोमूत्राचे पंचगव्य ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षे आधीच, कलकत्त्यातल्या तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू शोधून दाखवला होता. तरीही माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, असे याच देशातले शिकले-सवरलेले लोक मानत होते. सूक्ष्मजीवशास्त्र कुणाच्या बाजूने उभे होते, हे वेगळे सांगायला नको.

आज तळ्यात कुणी पंचगव्य ओतत नाही. पण नळ कुणाच्या दारात येईल, नाला कुणाच्या घरामागून वाहील, आडोसा कुणाला मिळेल आणि उघड्यावर कुणाला बसावे लागेल, हे अजूनही बऱ्याच अंशी जातच ठरवते. याचा सगळ्यात मोठा भार आमच्या माय-बहिणींच्या अंगावर पडतो. हे आम्ही भाषणात नेहमी सांगतो. आता प्रयोगशाळाही तेच सांगू लागल्या आहेत, म्हणून चळवळीतल्या माणसाने हे संशोधन वाचले पाहिजे.

ओडिशाचे उदाहरण घ्या. तिथल्या दोन इस्पितळांत ४८६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही स्त्रिया अंगावरून पांढरे जाणे, खाज, लघवीची जळजळ अशा तक्रारी घेऊन आलेल्या होत्या, तर काहींना अशा तक्रारी नव्हत्या. पाळीच्या वेळी काय वापरता, ते कुठे धुता, संडास आहे का, अंग धुवायला जागा आहे का, असे प्रश्न दोन्ही गटांना विचारले आणि जंतूंची तपासणीही केली. धुऊन पुन्हा वापरायचे कापड घेणाऱ्या स्त्रियांत संसर्ग जास्त आढळला. ज्यांच्या घरात अंग धुवायला स्वतंत्र जागा होती, त्यांच्यात योनिमार्गातला एक नेहमीचा जिवाणूजन्य संसर्ग कमी आढळला.

लगेच कुणी म्हणेल, बघा, बायका अस्वच्छ राहतात, त्यांना पॅड वाटा. थांबा. त्याच राज्यात ५५८ स्त्रियांचा पुढचा अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जास्त बारकाईने पाहिले तेव्हा धुतलेले कापड घरातच वाळवणाऱ्या किंवा संडासात लपवून ठेवणाऱ्या स्त्रियांत कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग जास्त दिसला. म्हणजे कापड हा एकटा गुन्हेगार नव्हे. ते कुठे आणि कसे वाळते, हाही प्रश्न आहे.

यामागचे शास्त्र अवघड नाही. बुरशीला ओल, ऊब आणि अंधार मानवतो. कडक उन्हात कापड लवकर वाळते आणि उन्हातले अतिनील किरण जंतू मारतात. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे मित्रजिवाणू असतात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात बाकीचे जंतू फोफावत नाहीत. हे मित्रजिवाणू कमी झाले की दुसरे जंतू वाढतात आणि दुखणे सुरू होते. साधा सूक्ष्मदर्शक, आम्लता मोजायचा कागद आणि काचपट्टी रंगवायचे सामान असले, तर याचे निदान तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते.

आता प्रश्न विचारा. बाई पाळीचे कापड उन्हात का वाळत घालत नाही? कारण पाळी म्हणजे विटाळ, हे तिच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या कोरले आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सासरा, दीर, मुले सगळे एकत्र असतात. अंगण नाही, गच्ची नाही. दोरी बांधायची तर ती रस्त्यावर. मग ते कापड साडीखाली, पत्र्यामागे, गादीखाली जाते. विटाळाची कल्पना धर्मग्रंथांनी दिली, जागेची टंचाई जातीने आणि गरिबीने दिली. बुरशी या दोन्हींच्या मधोमध वाढली. याला बाईची सवय म्हणणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे.

शरीराइतकीच गोष्ट मनाची. ओडिशातच ५६ स्त्रियांशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास २०१५ साली आला. त्यात शहरी झोपडपट्टीतल्या, खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यातल्या स्त्रिया होत्या. शौचाला जाणे, अंग धुणे, पाळी सांभाळणे या रोजच्या कामांतून मनावर येणारा ताण संशोधकांनी तीन प्रकारांत मांडला. पहिला परिसराचा, म्हणजे अंधार, चिखल, साप-विंचू, लांबचे अंतर. दुसरा समाजाचा, म्हणजे लोक काय म्हणतील, कुणी पाहील का. तिसरा लैंगिक छळाचा. बायका संध्याकाळी कमी जेवतात, पाणी कमी पितात, का? रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून. पुढे २०१८ सालच्या आणखी एका अभ्यासात दिसले की शौचाच्या बाबतीतली ही असुरक्षितता आणि चिंता-नैराश्य यांचा संबंध संडास असण्या-नसण्यापलीकडेही राहतो. सरकारच्या कागदावर संडास बांधून झाला, गाव हागणदारीमुक्त झाले, फलक लागला. पण त्या संडासात पाणी नसेल, दाराला कडी नसेल, तर बाईची भीती तशीच राहते.

महाराष्ट्राने यात फुशारकी मारू नये. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो निबंध छापून आला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८ होत्या. तोपर्यंत स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढेच सरकारला ठाऊक होते. बाई दुखणे अंगावर काढत होती आणि तिला कुणी विचारतच नव्हते, म्हणून ते कुठल्याच नोंदवहीत नव्हते.

विचारले नाही की काय होते, ते बीडमध्ये दिसले. उसाच्या फडावर कोयता घेऊन जाणाऱ्या जोडप्याला खोपीत राहावे लागते. तिथे ना संडास, ना मोरी, ना पुरेसे पाणी. पाळीत बाईने खाडा केला तर मुकादम उचलीतून पैसे कापतो. पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून ती खासगी दवाखान्यात गेली की तिला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हे शंभरात जवळजवळ सतरा पडतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात ३.२ होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही हे मान्य केले, तरी एवढी तफावत झाकून राहत नाही. ज्या संसर्गावर गोळ्या-औषधांनी उपचार होऊ शकतात, त्यासाठी तरण्याताठ्या बाईचा अवयवच गेला. या स्त्रिया दलित, भटक्या-विमुक्त आणि इतर कष्टकरी जातींतल्या आहेत, हा योगायोग समजायचा का?

संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात नमूद केले की भारतातल्या दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. एवढे आयुष्य कुठल्या एका रोगाने जात नाही. दूषित पाणी, अपुरे अन्न, संसर्ग, उशिरा मिळणारा उपचार आणि मनात साचलेली भीती मिळून ते खातात.

आमचे सांगणे आमच्या संशोधक मुला-मुलींना आहे. विद्यापीठात पर्यावरणाचा विभाग पाण्याचे नमुने तपासतो, सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग जंतू वाढवतो, वैद्यकीय महाविद्यालय पोट तपासते, मानसशास्त्राचा विभाग प्रश्नावली भरून घेतो. चार भिंतींत चार प्रबंध तयार होतात आणि कपाटात जातात. वस्तीतल्या बाईच्या अंगात मात्र हे चारही विषय एकाच वेळी असतात. ज्या नाल्याच्या काठी आपण वाढलो, त्या नाल्याचा अभ्यास आपण नाही तर कोण करणार? बार्टीची फेलोशिप सहज मिळत नाही. २०२३ साली विद्यार्थ्यांना तिच्यासाठी आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. एवढ्या झगड्याने मिळालेला पैसा मार्गदर्शकाने हातात टेकवलेल्या शिळ्या विषयावर का घालवायचा?

आणि अभ्यास करा तो चोख करा. इस्पितळातल्या पाहणीतून दोन गोष्टींचा संबंध कळतो, कारण सिद्ध होतेच असे नाही. हा फरक आपल्याला कळला पाहिजे, नाहीतर विरोधक एका वाक्यात आपला मुद्दा उडवून लावतील. जातीचा रकाना विसरू नका, कारण जो मोजला जात नाही तो दिसतही नाही. तपासणीत ज्या बाईला रोग निघाला, तिला औषध मिळाल्याशिवाय तिचा आकडा प्रबंधात घेऊ नका. आणि निष्कर्ष मराठीत लिहून त्याच वस्तीतल्या बुद्धविहारात, महिला मंडळापुढे वाचून दाखवा. आपल्या रक्ताची, पाण्याची माहिती आधी आपल्याला मिळणे हा त्या बाईचा हक्क आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचा पुरस्कार केला. बाईच्या शरीराचा प्रश्न त्यांनी कायद्याच्या सभागृहात नेला. आपणही तेच करायचे आहे. नगरपालिकेकडे मागायचे ते पॅडचे फुकट पुडे आणि फोटो नव्हेत. वस्तीतल्या संडासात चोवीस तास पाणी आणि कडी लागणारे दार, बायकांसाठी न्हाणीघर, कपडे वाळवायला उन्हाची आडोशाची जागा, आरोग्य केंद्रात स्त्री डॉक्टर आणि साधी सूक्ष्मदर्शक तपासणी, आणि ऊसतोडीच्या प्रत्येक तळावर हीच सोय कारखान्याच्या खर्चाने, एवढे मागायचे. निवेदनासोबत आपल्याच मुलीने केलेल्या अभ्यासाचा कागद जोडलेला असेल, तर साहेबाला ते निवेदन बाजूला सारता येणार नाही.

चवदार तळ्याचे पाणी आपण हक्काने घेतले. आता त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवून त्यात काय आहे, हेही आपणच पाहिले पाहिजे.