झिंग्यांचा खाऊ : थोडा, पण पौष्टिक

उरवड्यात आमच्या घरी काचेच्या टाकीत लाल चेरी झिंगे आहेत. मूळचे तैवान व पूर्व चीनकडचे हे गोड्या पाण्यातले जीव जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे. पहिल्याच आठवड्यात मुलीने प्रेमाने मूठभर पालक टाकला. रात्रीतून तो कुजला, पाणी गढूळले आणि सकाळी सात झिंगे मेलेले दिसले. "अम्मी, मी तर खाऊच दिला होता ना?" ती रडत म्हणाली.

चूक माझीच, मी तिला प्रमाण सांगितले नव्हते. कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तोच झिंग्यांचा जीव घेतो. त्यांचे रोजचे अन्न म्हणजे काचेवरचे शेवाळ आणि दगडावरचा बुळबुळीत थर. वरचा खाऊ आठवड्यातून दोनदा पुरे. पालकाचे पान किंवा काकडी, दुधीची पातळ चकती स्वच्छ धुऊन, मीठ न घालता दोन मिनिटे उकळावी आणि गार करून टाकावी. वीस झिंग्यांना नखाएवढा तुकडा पुरतो. दोन-तीन तासांनी उरलेले काढून घ्यावे. फवारणी केलेली भाजी व तांब्याच्या भांड्यातले पाणी टाळावे. दोन्ही त्यांना विषासमान. देशी बदामाचे गळालेले, वाळलेले पान मात्र खुशाल राहू द्यावे. त्यांनी टाकलेली कातही काढू नये. तिच्यातले कॅल्शियम ते खाऊन परत मिळवतात.

आता मुलगी चकती टाकते आणि घड्याळाकडे बघत बसते. परवा एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली!