बिलिंग सॉफ्टवेअर बनवताय? जावाची लायब्ररी उचलण्याआधी लायसन्स बघा

मागच्या व्हिडिओत आपण दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवून विकायच्या धंद्याबद्दल बोललो. तेव्हापासून बरेच जण विचारतायत की सर, पीडीएफ, एक्सेल, क्यूआर कोड हे सगळं आपणच लिहायचं का? अजिबात नाही. जावामध्ये ही कामं कुणीतरी आधीच करून ठेवलीयत आणि बहुतेक फुकट मिळतात. पण हे फुकट कुठल्या अटीवर आहे, ते बघायचं राहून जातं.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाचीच गोष्ट सांगतो. त्यानं हार्डवेअरच्या दुकानांसाठी छान बिलिंग बनवलं. बिलाची पीडीएफ काढायला आयटेक्स्ट नावाची लायब्ररी वापरली. इंटरनेटवरचा जुना नमुना उचलला आणि आवृत्ती मात्र नवी टाकली. अकरा दुकानांत सॉफ्टवेअर चालू झालं. मग एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याशी बोलणी लागली. त्याच्या कॉम्प्युटरवाल्यानं साधा कागद मागितला: यात बाहेरच्या कुठल्या लायब्ररी आहेत आणि त्यांची लायसन्स कोणती?

तिथे आमचा गडी अडकला. आयटेक्स्ट २००९ साली पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएल लायसन्सवर गेलं. एजीपीएलमध्ये विकायला बंदी नाही, हे नीट समजून घ्या. पण ज्याला सॉफ्टवेअर दिलं, त्याला तुमच्या पूर्ण प्रोग्रामचा सोर्स कोडही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. ते नको असेल तर पैसे भरून व्यावसायिक लायसन्स घ्यायचं, किंवा लायब्ररी बदलायची. त्यानं बदलली. आयटेक्स्टच्या जुन्या चौथ्या आवृत्तीतून निघालेली ओपनपीडीएफ एलजीपीएल आणि एमपीएल लायसन्सवर मिळते, म्हणजे अटी पाळून बंद सॉफ्टवेअरमध्ये चालते. कोड थोडाफार बदलला आणि अकराही दुकानांत जाऊन नवीन आवृत्ती टाकून आला. पेट्रोल गेलं, दोन आठवडे गेले, व्यापारी तेवढा थांबला म्हणून बरं.

म्हणून शोधायची पद्धत आधीच ठरवून घ्या. पहिलं, जावाच्या पोटात काय आहे ते बघा. तारखांसाठी जावा ८ पासून चांगली सोय आहे, इंटरनेटवरून माहिती आणायला जावा ११ पासून. पैशांच्या हिशोबाला बिगडेसिमल जावातच आहे. तिथे डबल वापरू नका. डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं, आणि महिन्याच्या जीएसटीच्या बेरजेत पैशापैशाचा फरक शोधत बसावं लागतं.

जे जावात नाही ते मेव्हन सेंट्रलवर शोधा. जावाच्या लायब्ररींचं ते मोठं गोदाम आहे. एमव्हीएन रिपॉझिटरी नावाच्या साइटवर प्रत्येक लायब्ररीचं लायसन्स, शेवटची आवृत्ती कधी आली, ती आणखी किती ठिकाणी वापरलीय आणि सुरक्षेची काही ज्ञात चूक आहे का, हे एका पानावर दिसतं. अपाची किंवा एमआयटी लिहिलेलं असेल तर धंद्याला सोपं. लायसन्सचा मजकूर आणि नोटीस सोबत ठेवायची, एवढं सांभाळा.

एक्सेलसाठी अपाची पीओआय. वर्षभराची हजारो बिलं एका शीटमध्ये काढताना मेमरी संपत असेल तर त्याच लायब्ररीतला एसएक्सएसएसएफ हा प्रकार वापरा, तो ओळी लिहीत पुढे जातो. क्यूआरसाठी झेडएक्सिंग, म्हणजे ‘झेब्रा क्रॉसिंग’. त्यात आता नवीन सुविधा फारशा येत नाहीत, दुरुस्त्याच येतात. आपल्या कामाला तेवढं पुरतं, कारण यूपीआयचा क्यूआर म्हणजे शेवटी एक ओळ असते: यूपीआय आयडी, नाव, रक्कम.

आता मराठीची गंमत. पीडीएफच्या बऱ्याच लायब्ररी, विशेषतः जुन्या आवृत्त्या, देवनागरी अक्षरं एकामागे एक ठेवून मोकळ्या होतात. मग ‘किर्लोस्कर’ची पहिली वेलांटी क च्या मागे जाते, रफार सुटतो, ‘क्षीरसागर’चं जोडाक्षर फुटतं. ग्राहकाच्या नावाची अशी वाट लागलेली बिलं मी पाहिलीत! लायब्ररी निवडतानाच अशी पाच-सहा नावं छापून बघा. जमत नसेल तर बिल एचटीएमएलमध्ये बनवा आणि ब्राउझरकडून पीडीएफ काढा. ब्राउझर जोडाक्षरं नीट जुळवतो.

लायब्ररी एकदा टाकली की विसरायची नसते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत इतकी गंभीर चूक सापडली की तिला धोक्याचे १० पैकी १० गुण मिळाले. एक विशिष्ट मजकूर नोंदीत गेला की बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर त्याचा कोड चालवू शकत होता. पहिली दुरुस्तीही अपुरी पडली, त्याच महिन्यात लागोपाठ नव्या आवृत्त्या आल्या. आणि बऱ्याच जणांना ही लायब्ररी आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं, कारण ती दुसऱ्याच लायब्ररीबरोबर आत आलेली. मेव्हनमध्ये ‘डिपेंडन्सी ट्री’ची कमांड चालवली की कोण कोणाचं बोट धरून आलंय ते दिसतं. ओवॅस्पचं डिपेंडन्सी-चेक हे मोफत टूल ज्ञात चुकांची यादी काढून देतं. महिन्यातून एकदा चालवा.

टूल्सचं फार डोक्यात घेऊ नका. इक्लिप्स किंवा इंटेलिजेचा मोफत भाग, दोन्ही धंद्याच्या कामाला चालतात. जावा मात्र कुठून घेताय ते बघा. ओरॅकलच्या जावाच्या अटी २०१९ पासून बदलत आल्यात, आवृत्तीप्रमाणे वेगळ्या आहेत. इक्लिप्स टेमुरिन किंवा ॲमेझॉन कोरेटो घेतलं की तो प्रश्न राहत नाही.

आणि जेपॅकेज नक्की शिका. ते जावासोबतच येतं आणि तुमच्या प्रोग्रामचा विंडोजसाठी इन्स्टॉलर बनवतं. मग दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर वेगळं जावा टाकायला नको. विंडोजवर त्याला विक्स नावाचं आणखी एक टूल लागतं, ते आधी टाकून घ्या, नाहीतर पहिल्याच वेळी एरर येईल.